सन्मती शांत आहे, धावा

सन्मती चौगुलेला दोन वर्षांत पहिल्यांदा मनःशांती लाभली, तेव्हा तिला वाचवायला पाच माणसं धावली.

त्यातले पहिले भूपालअण्णा मगदूम. त्यांना फार धावावं लागलं नाही, कारण पोरगी त्यांच्याच पिठाच्या गिरणीत, गव्हाच्या पोत्यावर, भिंतीला टेकून बसली होती. अण्णा ज्वारी दळत होते. खिशातला फोन थरथरला. पिठाळ हातानं त्यांनी तो काढला, तर पडद्यावर लाल अक्षरं : ‘सन्मतीला तातडीने आधाराची गरज आहे. तुम्ही सर्वांत जवळ आहात. अंतर दोन मीटर.’

अण्णांनी दोन मीटरवर पाहिलं. पोरगी डोळे मिटून, गिरणीच्या ठेक्यावर पाय हलवत बसली होती. तिच्यापेक्षा आधाराची जास्त गरज असलेली निदान नऊ माणसं त्यांना त्या दिवशी सकाळपासून भेटली होती.

तोवर बाकीचे चौघे पोचले. शाळेचे काटकर सर गळ्यात शिट्टी घेऊन आले. सन्मतीची आत्या, त्रिशला, शिऱ्याचा डबा घेऊन आली. इतक्या लवकर शिरा कसा झाला हे कुणी विचारलं नाही, पण तो गरम होता. मेडिकलवाला ग्लुकोजची पुडी घेऊन आला आणि वाचनालयाच्या बाई एक पुस्तक घेऊन आल्या. चौघांनी मिळून एकच प्रश्न विचारला, “काय झालं बाळ?” गिरणीच्या आवाजात तो कुणालाच ऐकू गेला नाही. म्हणून अण्णांनी गिरणी बंद केली.

ही त्यांची चूक होती. ती चूक होती हे त्यांना कळायला तीन आठवडे लागले.

सन्मतीनं डोळे उघडले, समोर पाच काळजीवाहू चेहरे पाहिले, उठली आणि दळणाचा डबा तिथंच ठेवून निघून गेली. दोन मिनिटांनी पाचही फोनांवर हिरवी अक्षरं आली : ‘सन्मती सामान्य स्थितीत आहे. धन्यवाद.’ मोहीम फत्ते झाली. शिरा पाच जणांत वाटून खाण्यात आला.

ही गोष्ट अजून घडायची आहे, पण फार वाट पाहावी लागेल असं नाही. उमरावपूर हे कृष्णाकाठचं आखीव गाव. तिथल्या गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. माणसांना मात्र भरपूर नावं आहेत, त्यातली निम्मी पाठीमागं घ्यायची. अशा गावात एखादं पोर बिथरलं तर पूर्वी चार लोक चार सल्ले द्यायचे आणि पोर आणखी बिथरायचं. मग सरकारी योजना आली. मूल घरातच ठेवायचं, उचलून कुठल्या संस्थेत टाकायचं नाही. त्याच्याभोवती ओळखीच्या पाच माणसांचं ‘आधारपंचक’ बसवायचं. आणि मुलाच्या मनगटावर ‘सोबती’ नावाची पट्टी बांधायची. योजना चांगली होती. आधी लोक आपल्या मनानं सल्ले द्यायचे, आता पट्टीनं सांगितल्यावर देऊ लागले, एवढाच फरक पडला.

सोबती तीन गोष्टी मोजायची. माणूस ताणात असला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं रसायन वाढतं आणि थोडं थोडं घामात उतरतं. पट्टी ते टिपायची. दुसरी गोष्ट हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर. निवांत माणसाचं हृदय घड्याळासारखं चालत नाही. ते सुस्त कारकुनासारखं जरा मागं, जरा पुढं असं चालतं, आणि साहेब आल्यासारखं वाटलं की लगेच कवायत करू लागतं. तिसरी गोष्ट, मूल बोलत असेल तर त्याच्या आवाजातली कानाला न कळणारी थरथर; आसपासच्या आवाजाची नोंद वेगळी. मिळेल त्याची मिळून शून्य ते शंभरमध्ये एक संख्या निघायची.

पण कुणाला पन्नास जास्त, तर कुणाला सत्तर म्हणजे रोजचंच. त्यामुळं पट्टी पहिले सात दिवस नुसती मोजायची. त्या सात दिवसांत जी संख्या येईल तो त्या मुलाचा ‘पाया’. पुढं पायापासून फार वर गेलं तरी लाल इशारा, फार खाली गेलं तरी लाल इशारा. हे खाली जाण्याचं कलम तज्ज्ञांनी मुद्दाम घातलं होतं आणि त्यात शहाणपण होतं. बरेच दिवस त्रासात असलेलं मूल एकाएकी निवांत झालं, तर ते बरं झालं असं धरून चालू नये. कधीकधी त्यानं हात टेकलेले असतात.

सन्मतीचा पाया बाहत्तर निघाला. गिरणीत ती अडतीसवर आली होती.

सन्मतीचं वय पंधरा. सहा महिन्यांपूर्वी तिनं बोलणं बंद केलं होतं. दोनदा ती घरातून निघून गेली; दोन्ही वेळा मिरजेच्या स्टेशनवर, बाकावर बसलेली सापडली. कुठल्याच गाडीचं तिकीट काढलेलं नव्हतं. आणि जूनमध्ये तिनं शाळेच्या दारातलं हजेरीचं बोलकं यंत्र पाण्याच्या स्टीलच्या बाटलीनं फोडलं. का फोडलं, ते सांगितलं नाही. यंत्रानंही सांगितलं नाही, कारण ते फुटलं होतं.

अण्णांना पंचकात घेतलं ते सन्मतीनं. समुपदेशक रुबिना मुल्ला मॅडमनी तिच्यापुढं गावातल्या माणसांची यादी ठेवली होती. चार नावं घरच्यांनी सुचवली. सन्मतीनं एकाच नावावर बोट ठेवलं. अण्णांना याचं मोठं नवल वाटलं. त्या पोरीशी ते वर्षभरात ‘जाड का बारीक’ याखेरीज काही बोलले नव्हते.

दुसरा लाल इशारा चौदा दिवसांनी झाला. तोच वार, तीच वेळ, तेच पोतं. पुन्हा पाच माणसं, पुन्हा शिरा. या वेळी शाळेतून येताना काटकर सर वाटेत पडले, त्यामुळं सन्मतीच्या शांततेत पहिला माणूस जखमी झाला.

संध्याकाळी मुल्ला मॅडमचा फोन आला. “अण्णा, महिन्यात तीन झाले की नियमानं तिला डोंगरावरच्या निवासी केंद्रात पाठवावं लागतं. सहा महिने.”

“घरात ठेवायची योजना आहे न्हवं ही?”

“घरात ठेवून सुधारणा होत नसेल तर पुढची पायरी ती आहे.”

“पोरीला विचारलं?”

“विचारलं. तिनं नकारार्थी मान हलवली. मग आईवडिलांना विचारलं. दोघांनी वेगवेगळं सांगितलं की दुसऱ्याला विचारा.”

त्या संख्यांचं अण्णांना कुतूहल वाटू लागलं होतं. गिरणीवाला माणूस, यंत्र बिघडलं की आधी कुठल्या आवाजाला बिघडतं ते बघायची सवय. त्यांनी फोन मुल्ला मॅडमना नेऊन दाखवला. “हिचे दिवसभराचे आकडे बघायला मिळतील का?”

मिळाले. शाळेत चौसष्ट-पासष्ट. रस्त्यावर साठ. गिरणीत अडतीस. घरात बाहत्तर ते चौऱ्याऐंशी. आणि घराच्या आवाजाच्या रकान्यात यंत्रानं शेरा मारला होता : ‘अतिशय शांत घर. वाद नाहीत. श्रेणी अ.’

वाद नव्हते हे अगदी खरं होतं. सुदर्शन आणि पद्मजा चौगुले यांच्यात दोन वर्षं अबोला होता. घराच्या वास्तुशांतीच्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून सुदर्शनच्या बाजूची अकरा नावं छापली गेली आणि पद्मजाच्या एकुलत्या एक भावाचं राहिलं. राहिलं की ठेवलं, या मुद्द्यावर त्या दिवशी बोलणं थांबलं ते थांबलंच. हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. नवराबायकोचा अबोला म्हणजे काही आजार नव्हे, कुणाच्या घरात नसतो. त्यामुळं यंत्राला कळवावं असं कुणाला सुचलं नाही. शिवाय पट्टीच्या पहिल्या सात दिवसांत चौगुल्यांच्या घरी पाहुणे आल्यासारखं वागणं चाललं होतं. रोज गोड, हळू आवाज, टेबलावर नवं कापड. अबोलासुद्धा अतिशय आदबीनं पाळण्यात आला.

अण्णा एकदा पीठ पोचवायला म्हणून त्यांच्या घरी गेले. सुदर्शन खुर्चीत होता, पद्मजा चार हात अंतरावर उभी होती, मध्ये सन्मती.

“सन्मती,” पद्मजा म्हणाली, “बाबांना विचार, चहा घेणार का.”

“आईला सांग,” सुदर्शन म्हणाला, “अण्णा घेणार असतील तर घेईन.”

सन्मती बोलत नसल्यामुळं तिनं नुसतं एकदा आईकडं, एकदा बाबांकडं पाहिलं. तेवढ्यावर काम झालं, चहा आला. पोरगी तोंडानं बोलायची बंद झाली होती, पण टपाल चालू होतं. अण्णांच्या फोनवर त्या वेळी एकोणऐंशी आकडा होता आणि खाली हिरवी अक्षरं होती : ‘सामान्य.’

पुढच्या वेळी सन्मती गिरणीत आली, तेव्हा अण्णांनी असं काही केलं की त्याची त्यांना नंतर जरा लाज वाटली.

गिरणीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला कानांचा फारसा उपयोग होत नाही. गिऱ्हाईक ओठ हलवतं, ‘भाकरीला’, ‘थालिपिठाला’, ‘जरा बारीक’. अण्णा ओठांवरून घेतात. ही विद्या त्यांनी गावापासून लपवून ठेवली होती. तिच्यामुळं जैन बस्तीत दर्शनाला गेलं की सभामंडपाच्या पलीकडच्या टोकाला आपल्याविषयी काय चाललंय ते त्यांना बसल्या जागी कळायचं. सन्मती गिरणी चालू असताना ओठ हलवते हे त्यांनी कधीच पाहिलं होतं, पण कुणाच्या खाजगीत डोकावू नये म्हणून ते तोंड वळवत. त्या दिवशी त्यांनी वळवलं नाही.

सहा महिने मुकी असलेली पोरगी धडाधडा बोलत होती. “बाबांना सांग, डोळे असतील तर समोरच आहे. आईला सांग, तुझ्या माहेरी असेल ती पद्धत. बाबांना सांग. आईला सांग. मी बाबांना सांगायचे, आई म्हणते समोर आहे. मी आईला सांगायचे, बाबा म्हणतात चालेल. सगळं खोटं. सगळं मी धुऊन द्यायचे. आणि त्या दिवशी शाळेत शिरले तर ते हजेरीचं डबडं म्हणतंय, सन्मती, पालकांना एक निरोप द्यायचा आहे.”

अण्णांनी फोन काढला. फोनवर बेचाळीस होतं, खाली उतरत होतं, आणि पिवळी अक्षरं आली होती : दहा मिनिटांत लाल. तिसरा. अण्णांनी झटकन तिला खूण केली, घरी जा. तिला वाटलं, तेही कंटाळले. ती उठली तशी संख्या चढली आणि पिवळं गेलं. पोरीला वाचवण्यासाठी तिला दुखवावं लागलं, हे अण्णांना त्या दिवशी जेवताना दोन-तीनदा आठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुल्ला मॅडमना गाठलं. “तुमचं यंत्र बरोबर आहे. पाया चुकलाय. आठवडाभर खारट खाणाऱ्याच्या जिभेला बेताचं मीठही आळणी लागणारच.”

“अण्णा, हा तुमचा अंदाज झाला. शांत होणं म्हणजे कधी कधी—”

“हात टेकणं. वाचलंय मी पत्रक. म्हणूनच तुमच्यासमोर करून बघायचं.”

“आणि तुम्ही चुकलात तर तिसरा इशारा माझ्या डोळ्यांदेखत लागेल. मला तो खोडता येणार नाही.”

“चुकलो तर पोरगी डोंगरावर जाणार, आणि गप्प बसलो तरी जाणार,” अण्णा म्हणाले. “शुक्रवारी चारला या.”

सुदर्शनला त्यांनी निरोप धाडला की तुमचं दळण तुम्हीच न्या, काही दाखवायचंय. पद्मजालाही हाच निरोप. दोघं एकमेकांशी बोलत नसल्यामुळं डाव फुटण्याची भीती नव्हती.

शुक्रवारी चारला दोघंही आले. एकमेकांना पाहून पद्मजा फळीवरच्या डब्यांकडं बघू लागली आणि सुदर्शन वजनकाट्याकडं. सन्मती पोत्यावर बसली. मुल्ला मॅडम दाराशी फोन धरून उभ्या राहिल्या. अण्णांनी गिरणी चालू केली.

कानठळ्या बसवणारा आवाज. त्यात कुणाला काही सांगता येईना, कुणाकरवी काही कळवता येईना. चौघं आपापल्या जागी उभी. मुल्ला मॅडमच्या हातातली संख्या त्र्याहत्तर होती. साठ झाली. बावन्न. घामातलं रसायन सावकाश ओसरतं, पण हृदयाचे ठोके जागच्या जागी चहाडी करतात. सत्तेचाळीस. त्रेचाळीस. पिवळी अक्षरं.

अण्णांनी बटण बंद केलं. पट्टा फिरत फिरत थांबला. पिठाचा धुरळा खाली बसला.

“सन्मती,” पद्मजा लगेच म्हणाली, “बाबांना सांग, मी आले होते तर त्यांनी यायची काही गरज नव्हती.”

“आईला सांग, मलाही बोलावलं होतं.”

पंचावन्न. अडुसष्ट. शहात्तर. हिरवी अक्षरं : ‘सन्मती सामान्य स्थितीत आहे.’

मुल्ला मॅडमनी फोनकडं पाहिलं, मग पोरीकडं. पोरीचे खांदे कानांपर्यंत गेले होते.

अण्णांनी गिरणी पुन्हा चालू केली. पुन्हा बंद केली. एकदा घडलेल्या गोष्टीला शास्त्रात मान नसतो हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, पण मोटार दुरुस्त करणारा माणूसही एकदा चालू झाली म्हणून पैज लावत नाही. तीन वेळा आकडा उतरला, तीन वेळा चढला. तिसऱ्या वेळी मुल्ला मॅडमनी फोन फिरवून दोघांपुढं धरला.

सुदर्शन वाचत राहिला. मग म्हणाला, “सन्मती, आईला विचार, हे आपल्या—”

आणि थांबला. त्याच्या डोळ्यांसमोर एकाहत्तरचे एकोणऐंशी झाले होते.

पद्मजानं पदराच्या टोकानं उगाच डब्यावरचं पीठ पुसलं.

मुल्ला मॅडमनी वहीत लिहिलं. पाया रद्द. सात दिवस नवं मोजमाप. अट एकच : या सात दिवसांत सन्मतीनं कुणाचाही निरोप कुणालाही द्यायचा नाही. तोंडानं नाही, डोळ्यांनी नाही.

“मग घर चालायचं कसं?” दोघांनी एकदमच विचारलं.

“पंचक आहे ना,” मुल्ला मॅडम म्हणाल्या. “आधार द्यायचाच आहे त्यांना. आता टपाल ते नेतील.”

चौगुल्यांच्या घरात टपालाच्या इतिहासातला एक तेजस्वी कालखंड सुरू झाला. काटकर सर सकाळी साडेसहाला दुखऱ्या पायाला बँडेज बांधून हॉलमध्ये उभे राहत आणि, “चौगुले! मिसेसचा निरोप! गिझर बंद!” असं म्हणून शिट्टी वाजवत. मेडिकलवाला दिवसातून तीनदा, जेवणानंतर येई आणि निरोप कुजबुजत सांगे, जणू काही नाजूक औषध मागितलंय. वाचनालयाच्या बाई निरोप चिठ्ठीवर घेत, तारीख घालत आणि पोचल्याची सही मागत. अण्णा निरोप घेत आणि देत नसत. त्यांच्या अनुभवानं निम्म्या निरोपांना तेवढीच वाट पुरते. त्रिशला आत्या मात्र निरोप नेताना त्यात पदरचं घालत असे. तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, सुदर्शननं तिच्याजवळ ‘भाजीत मीठ जास्त झालंय’ एवढंच सांगितलं. स्वयंपाकघरात पोचेपर्यंत त्या मिठात पद्मजाचं माहेर, तिच्या आईच्या हाताची चव आणि वास्तुशांतीचा मेनू एवढं विरघळलं होतं.

पद्मजानं पळी खाली ठेवली. बाहेरच्या खोलीत आली. आणि दोन वर्षं एक महिन्यानंतर नवऱ्याच्या तोंडाकडं बघून म्हणाली, “तुमच्या बहिणीला आधी आवरा.”

“आवरतो,” सुदर्शन म्हणाला. “पण मीठ जास्तच आहे.”

मग पत्रिकेचा विषय निघाला. तो दोन वर्षं मुरला होता. सातव्या गल्लीपर्यंत ऐकू गेलं. पाचही फोन थरथरले : ‘घरात मोठा आवाज. तीव्र वाद. श्रेणी ड.’ मागच्या दारानं सटकलेल्या आत्यासकट पाचही जण फाटकाशी जमले. सरांनी शिट्टी तोंडात धरली होती. त्रिशला आत्या आत जायला निघाली तशी अण्णांनी तिला हातानं अडवलं.

“अण्णा, पोर आत आहे की.”

“खालचा आकडा वाच.”

खाली लिहिलं होतं : ‘सन्मती : एक्केचाळीस.’

खिडकीतून ती दिसत होती. स्वयंपाकघरात, ओट्याशी, ताट घेऊन बसली होती. बाहेर तिची आई म्हणत होती, “माझ्या भावाचं नाव तुम्ही काढलंत,” आणि बाबा म्हणत होते, “छापखान्यात राहिलं, हे त्या दिवशी शपथेवर सांगणार होतो, तू विचारलंसच कुठं.” सन्मतीनं पातेल्यातला आणखी थोडा भात वाढून घेतला, वर आमटी घेतली. तिला कुणी काही सांगायला सांगितलं नाही. पंचक पाऊण तास फाटकाशी उभं राहिलं. त्या दिवशी शिरा नव्हता.

नवा पाया त्रेचाळीस निघाला. डोंगरावरच्या केंद्राची फाइल मुल्ला मॅडमनी बंद केली. चौगुल्यांच्या घराची श्रेणी ड आजही तशीच आहे. गल्लीनं त्याचा बोलबाला फार होऊ दिला नाही.

सन्मती गिरणीत यायची कमी झाली. अण्णांनी ते पोतं हलवलं नाही, उंदीर लागेल असं चारदा वाटूनही. महिन्याभरानं एका दुपारी ती डबा घेऊन आली. नेमकी वीज गेलेली. गिरणी बंद, खुर्चीवर अण्णा, गिरणीत चिमणीचा आवाजसुद्धा ऐकू यावा अशी सामसूम. इतक्या शांततेत ही कशी बसणार या काळजीनं अण्णांनी सवयीनं फोन काढला. एक्केचाळीस.

तिनं डबा काट्यावर ठेवला, जरा घुटमळली.

“अण्णा,” ती मोठ्यानं म्हणाली, “मागचं पीठ भरड आलं होतं. भाकरी थापताना तुटायलीय.”

अण्णांना हा आवाज नवा होता. त्यांनी जपून विचारलं, “कोण म्हणतंय? आई का बाबा?”

“मी म्हणतेय.”

अण्णांनी दगड उघडून हात फिरवला. तो झिजून गुळगुळीत झाला होता, छिन्नीनं टाकी लावायला झाली होती. निदान दोन महिने झाले असतील. म्हणजे दोन महिने अख्खी गल्ली त्यांच्याकडून भरड पीठ नेत होती, भाकऱ्या तोडत होती, आणि ही गोष्ट त्यांना सोडून एकमेकांना सांगत होती.